हिरव्या टिकल्यांचा कौल

तुम्ही भामटे आहात. एकदा नव्हे, दोनदा भामटे. साठ वर्षांपूर्वी आमच्या दारातलं पाणी घाण मारतं म्हणून तुम्ही ते बुजवलंत, वर डांबर ओतलंत आणि त्यावर मोटारी उभ्या केल्यात. आता तुम्हालाच पाण्याचा पुळका आलाय. पण ते पाणी तुम्ही डांबर फोडून आणणार नाही, आमच्या शेंगांचे वेल उपटून आणणार. मोटारवाल्याला तुम्ही घाबरता. म्हातारीला कशाला घाबराल?

रोलिन हे सगळं नगरपालिकेला चांगलं मोठ्याने सुनावत होती, पण ऐकायला समोर फक्त खुर्च्या होत्या. आईच्या बागेतल्या खोपटातून घडीच्या खुर्च्या काढून ती गवतावर गोल मांडत होती. वाढदिवस म्हणजे गोल बसणं. कुणी कुणाच्या मागे नाही, कुणाला पळून जायला वाट नाही. एका बाजूला बटाट्याचे वाफे फुलावर आलेले, दुसऱ्या बाजूला काठ्यांवर चढलेल्या शेंगा, आणि मधोमध हा रिकाम्या खुर्च्यांचा दरबार. रोलिनने एक खुर्ची इतकी जोरात आपटली की तिचा पाय मातीत रुतला.

सकाळी आत येतानाच तिने बघितलं होतं. 'नवी उमेद' असं ह्या बागांचं नाव. शहराच्या कडेला भाडेकरूंच्या लहान लहान बागा, प्रत्येकाचं एक खोपटं, सगळ्यांचं मिळून पुढे एक फाटक. त्या फाटकावरच्या काचेच्या पेटीत आज एक रंगीत चित्र लागलं होतं. मोठं तळं, लाकडी पूल, सायकलवर बसलेलं हसरं जोडपं. वर 'निळं-हिरवं शहर', खाली 'रहिवाशांच्या इच्छेनुसार'. आईचं खोपटं असायला हवं तिथे एक बगळा उभा होता. बगळा बघूनच रोलिनने ओळखलं हे कुणाचं काम. शेंडेफळ वाउटर शाळेत असल्यापासून पाणी काढलं की त्यात बगळा काढायचाच, आणि त्याची मान नेहमी थोडी जास्त लांब व्हायची. हीही झाली होती.

स्वतःच्या आईच्या बागेवर! आणि एक शब्द बोलला नाही. नगरपालिकेत पाणी आणि बगिचे ह्यांचं खातं सांभाळतो म्हणून आई शेजारणींना सांगत फिरते. ह्याच्या पायी तिची बाग कायमची जायची पाळी आली तरी हा घुम्या तो घुम्याच.

आईला, म्हणजे गेझिनाला, अजून पत्ता नव्हता. ती फाटकातून नव्हे, मागच्या दिंडीतून, कालच्या पावसाने भरलेले डबे तपासत आली होती. एक्याऐंशीव्या वर्षी ती खोपटात रुबार्बच्या आंबट देठांचा केक कापत होती आणि तुकडे माणसांइतकेच पडतील ह्याची काळजी घेत होती.

आज बोलायचं नाही, रोलिनने ठरवलं. केक संपेपर्यंत तरी नाही. वाढदिवशी घाण करायची नाही, हा ह्या घराण्याचा एकमेव धर्म.

थोरला बेरेंड बायकोला घेऊन आधी आला. जन्मभर बस चालवल्यामुळे तो चालतानाही मागचं बघायला मान वळवायचा.

"अभिनंदन, आईचा वाढदिवस!" त्याने रोलिनचा हात हलवला.

"तुझंही अभिनंदन." मग त्याची बायको टीनेके. तिचं अभिनंदन, तिच्याकडून अभिनंदन, गालाला गाल तीनदा. जन्मली एक बाई, आणि अभिनंदन सगळ्या गावाचं.

रोलिनने बेरेंडला शेंगांच्या आड ओढलं. "फाटकावर बघितलंस?"

"बघितलं."

"मग?"

"आज नको."

"बरोबर. आज नको. पण उद्या आपण दोघं त्याच्या कचेरीत जाऊ. मी त्याची बाजू घेत आले इतकी वर्षं, माझंच चुकलं. तू म्हणायचास ते खरं होतं, तो गोडबोल्या आहे."

बेरेंडने शेंगेचं एक पान तोडून बोटांत फिरवलं. बाबांची होडी विकल्यापासून ह्या दोन भावांत 'जरा मीठ दे' ह्याच्यापलीकडे बोलणं नव्हतं, आणि मधली निरोप्याची नोकरी रोलिनच्याच गळ्यात होती. त्यामुळे बेरेंड आता जोरात मान हलवील अशी तिची खात्री होती. त्याने हलवली नाही. "बघू," म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

मग फेनामावशी आली. ती आईची धाकटी बहीण, अंगाने दुप्पट. आल्या आल्या सगळ्यांची अभिनंदनं उरकून तिने केकच्या ताटावर नजर टाकली. "एकेकच?"

"एकेकच," आई आतून म्हणाली.

"मोठे तरी काप."

शेवटी वाउटर. सायकल कुंपणाला टेकवली, हातात दुकानातल्या फुलांचा गुच्छ, वर चमकता कागद.

"बागेत फुलं घेऊन आलास?" आई बाहेर येत म्हणाली. "उद्या समुद्रावर जाताना मीठ नेशील." पण हसली, आणि गुच्छ बादलीत नीट ठेवला. त्याच्यासाठी ती नेहमी हसायची. वाउटरने गोल फिरून सगळ्यांशी हात मिळवले. रोलिनपाशी आला तेव्हा तिने हात दिला, डोळे दिले नाहीत. बेरेंडपाशी आला, आणि बेरेंडने त्याच्या खांद्यावर थोपटलं.

थोपटलं! रोलिन बघतच राहिली.

कॉफी झाली. केक झाला. टीनेकेच्या गुडघ्याचं बोलणं झालं, कोबीवरच्या गोगलगायींचं झालं. गोलात प्रत्येकाला एकदा बोलायला मिळतं, मग पुढचा. वाउटर एकदाही शेंगांकडे बघत नव्हता. बेरेंड ताटलीवरचे कण बोटाने टिपत होता. त्या दोघांकडे बघता बघता रोलिनच्या ध्यानात आलं, इथे आईखेरीज सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सगळे केक संपायची वाट बघताहेत. आपल्यासारखेच.

आईने मावशीला अंड्याची घट्ट पिवळी दारू पेल्यात घालून दिली. मावशीने चमच्याने पहिला घास खाल्ला, ओठ पुसले आणि म्हणाली, "काय गं गेझिना, मग पुढचा वाढदिवस होडीत का?"

"होडीत कशाला?"

"इथे तळं होणार ना. फाटकावर एवढं चित्र लावलंय. बगळा फार सुरेख काढलाय हं वाउटर, फक्त मान..."

कुंपणापलीकडे कुणीतरी गवत कापायचं यंत्र बंद केलं, तेही अगदी त्याच क्षणी.

"कुठलं तळं?" आई म्हणाली.

"आई, अजून काही ठरलेलं नाही," वाउटर म्हणाला. "मसुदा आहे तो."

"मसुद्यात माझं खोपटं कुठे आहे?"

"खोपट्यांसाठी पर्यायी जागेचा विचार..."

"कुठे आहे ते विचारलं मी."

"बगळ्याच्या खाली," रोलिन म्हणाली. आता तिला राहवेना. "आई, सगळी 'नवी उमेद' पाण्याखाली. आणि हा कारकून तुला फुलं घेऊन आलाय!"

"मी कारकून नाही."

"मग कोण आहेस? कारकुनाने निदान टपालाने कळवलं असतं!"

"रोलिन, तू ओरडू नकोस," बेरेंड म्हणाला. "तळं लागणारच आहे."

रोलिन त्याच्याकडे वळली. "काय म्हणालास?"

"लागणार आहे. मला हवंय ते." बेरेंड आईकडे बघायचं टाळून गवताशी बोलत होता. "मागच्या ऑगस्टमधला पाऊस आठवतो? तू चौथ्या मजल्यावर राहतेस, तुला खिडकीतून मजा वाटली असेल. ह्या गावात आभाळ फाटलं की ते सगळं माझ्या घरी मुक्कामाला येतं. गटाराचं पाणी तळघरात उलटं चढलं."

"माझ्या आईचं शिवणयंत्र गेलं," टीनेके म्हणाली. "आणि मुलांच्या लहानपणीचे फोटो. मी ते दोरीवर वाळत घातले होते, आई. तुम्हाला सांगितलं नाही. सगळ्यांची तोंडं वाहून गेली होती."

आई टीनेकेकडे बघत राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लगेच बादली घेऊन आला असता."

"आलेच असते."

"म्हणूनच."

रोलिनचं डोकं मात्र दुसरीकडेच अडकलं होतं. "थांबा, थांबा. बेरेंड, तू आणि वाउटर बोलता? एकमेकांशी?"

"पाणी आल्यापासून बोलतो."

"आणि मी मूर्खासारखी अजून निरोप पोचवतेय! नाताळात तू मला सांगितलंस, वाउटरला म्हणावं शिडी परत कर!"

"शिडी त्याने दिली नव्हती," बेरेंड म्हणाला. "ते वेगळं."

मावशीने चमचा चाटला. "मी नको होतं का बोलायला?"

"तूच तेवढी माणसासारखी बोललीस," आई म्हणाली. "वाउटर, नीट सांग. मला कळेल असं सांग, तुमच्या कचेरीतलं नको."

वाउटरने खुर्ची पुढे ओढली. आता तो बोलायला लागला आणि, रोलिनला कबूल करावंच लागलं, चांगला बोलायला लागला. पाऊस आता पूर्वीसारखा पडत नाही. महिन्याचा तासात पडतो. शहर सगळं फरशी आणि डांबर, पाण्याला जिरायला जागा नाही. त्याला कुठेतरी थांबवून ठेवायला हवं, हळूहळू सोडायला हवं. उन्हाळ्यात तेच पाणी हवा गार ठेवील, झाडं जगवील. म्हातारी माणसं उन्हाने मरतात, आई, आकडे आहेत आमच्याकडे. शहरात पाणी परत यायला हवं. ह्याच्यात त्याचा स्वतःचा काय फायदा? काही नाही. रात्रीची झोप लागत नाही त्याला ह्या कामापायी.

"खरं आहे," आई म्हणाली. "पाणी यायला हवं. मी काय पाण्याची वैरीण आहे? मी पाण्यावर जन्मले."

"मग तुम्हीच बुजवलेला चक्कीचा कालवा उघडा!" रोलिन म्हणाली. "तो तिथेच आहे ना, पार्किंगच्या खाली! बेरेंडच्या घरापासून दोन गल्ल्या! पूर येतो तिथे, खड्डा खणणार इथे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही तुमची शहररचना?"

"तो पर्याय होता," वाउटर म्हणाला.

"मग?"

"खरं सांगायचं तर तो जास्त चांगला होता. जागा सखल आहे, जुना तळ अजून शाबूत आहे. मीच सुचवला होता."

"मग मेला कसा तो पर्याय?"

"दुकानदारांनी आरडाओरडा केला. पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल. ते होतंच. पण मुख्य म्हणजे लोकांचा कौल तिकडे नव्हता."

"कुठल्या लोकांचा?"

"रहिवाशांचा. फेब्रुवारीत वस्तीच्या सभागृहात संध्याकाळ ठेवली होती ना, सगळ्यांना विचारायला. टेबलावर नकाशा. प्रत्येकाला दहा हिरव्या टिकल्या दिल्या. तुम्हाला शहरात हिरवळ कुठे हवी, तिथे चिकटवा." वाउटरचा आवाज बारीक होत गेला. "'नवी उमेद'वर इतक्या पडल्या की नकाशा दिसेना. पार्किंगवर एकही नाही. वरच्या साहेबांनी ते बघितलं आणि म्हणाले, मग प्रश्नच मिटला. रहिवाशांना सार्वजनिक बगिचा इथेच हवाय."

रोलिन हसायला लागली. ते हसू चांगलं नव्हतं, तिचं तिलाच कळत होतं.

"पार्किंगवर टिकली कोण लावील, वाउटर? डांबरावर हिरवी टिकली? माणूस हिरवं तिथेच लावतो जिथे त्याला हिरवं दिसतं!"

"माझ्या मी सगळ्या इथे लावल्या," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती खुर्चीत सरळ बसली होती, हात मांडीवर, नखांत माती.

"सगळ्या दहा. बटाट्यांवर, शेंगांवर, खोपट्यावर. ह्याला हात लावू नका, असं. पलीकडच्या योस्टनेही तसंच केलं, त्याच्या बायकोनेही. फेनाच्याही मीच लावल्या."

"मला विचारून," मावशी म्हणाली. "मी बिस्किट खात होते."

"म्हणजे मीच," आई म्हणाली. "मीच मागून घेतलं."

"नाही, आई!" रोलिन उठली. "तू काही मागून घेतलं नाहीस. ही ह्यांची लबाडी आहे. विचारायचं अशा तऱ्हेने की तुम्ही काहीही म्हणा, उत्तर ह्यांचंच! कॉफी पाजायची, टिकल्या वाटायच्या, बालवाडीसारखं म्हाताऱ्या माणसांना नकाशाभोवती उभं करायचं, आणि मग त्यांच्याच टिकल्या त्यांच्या तोंडावर मारायच्या!"

"लबाडी नाही," वाउटर म्हणाला. "पद्धत चुकली असेल. मंगळवारी पुढची संध्याकाळ आहे. हरकती घेता येतील. ह्या वेळी लाल टिकल्याही असणार आहेत."

"लाल टिकल्या!" रोलिन म्हणाली, आणि खाली बसली. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटावं तर भिंत म्हणते, आपला अभिप्राय नोंदवला आहे.

"मी कुठल्याही संध्याकाळी येणार नाही," आई म्हणाली. तिने कपातली थंड कॉफी गवतावर ओतली. "चक्कीच्या कालव्यावर माझं घर होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खिडकीतून हात काढला की पाणी लागायचं, आणि हो, घाण यायची. उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायचो. मग बुजवायचं ठरलं, आणि रस्त्यासाठी आमची घरं पाडायचं ठरलं. तेव्हा निदान आम्हाला कुणी विचारलं नव्हतं."

"आई, ते दिवस काही चांगले नव्हते," वाउटर म्हणाला.

"चांगले कोण म्हणतंय? तुझा बाप नगरपालिकेचा गडी. वाळूच्या गाड्या तोच ओतायचा. एक दिवस घरी आला, टोपी काढली आणि म्हणाला, गेझिना, उद्या आपल्या दारात ओतायची आहे. मी त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. पण त्याने मला तोंडावर सांगितलं. चित्र काढून फाटकाला लावलं नाही."

बेरेंडने घसा खाकरला. "आई, मी सांगायला हवं होतं."

"तू गप्प बस, तुझ्याकडे येतेच आहे." आईने बोट उगारलं. "तुझं तळघर कोरडं व्हायला माझी बाग लागत असेल तर ती माझ्याकडे माग. ह्या खुर्चीत बस, माझ्याकडे बघ, आणि माग. कदाचित मी देईन. टीनेकेच्या फोटोंसाठी कदाचित देईनही. पण पार्किंग वाचवायला देणार नाही. आणि भाऊ भाऊ मिळून माझ्या पाठीमागे ठरवणार असाल, तर शिडी घ्या आणि चालते व्हा."

बेरेंड लाल झाला. टीनेकेने हळूच आपला हात सासूच्या खुर्चीच्या हातावर ठेवला, नवऱ्याच्या नाही. रोलिनने ते बघितलं.

"आणि रोलिन म्हणते तसं पार्किंगखाली खणलं," टीनेके म्हणाली, "तरी आमचं पाणी उतरेल ना, वाउटर?"

"जास्त लवकर उतरेल."

"मग मी इतका वेळ कुणाच्या बाजूने बोलत होते?" टीनेके नवऱ्याला म्हणाली. बेरेंडला वाउटरने फक्त तळं होणार एवढंच सांगितलं होतं, कुठे होऊ शकलं असतं ते नव्हतं. तो सावकाश वाउटरकडे वळला, बस मागे घ्यायची असल्यासारखी मान वळवून.

"हे तू मला बोलला नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"माझ्याही घरी टिकल्या पाठवायच्या होत्यास!"

वाउटर दोन्ही हातांनी तोंड चोळत होता. तो दमलेला दिसत होता, खरोखर दमलेला, आणि एरवी अशा वेळी रोलिन पुढे झाली असती. पुरे आता, त्याला कॉफी द्या, तो एकटा काय करणार, वरून दबाव असतो. ही वाक्यं तिच्या जिभेवर तयार होती. तिने ती गिळली. कडू लागली.

"वाउटर," आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "इकडे बघ. त्या संध्याकाळी टेबलाच्या पलीकडे कोण उभं होतं?"

"मी होतो."

"नकाशा माझ्याकडे कुणी वळवून दिला, मला चष्म्याशिवाय दिसेना तेव्हा?"

"मी."

"आणि मी टिकल्या लावताना बडबडत होते."

"आई, तिथे खूप गर्दी होती. व्यक्तिशः मला काय वाटलं आणि खात्याने एकूण कौल कसा वाचला, ह्या दोन वेगळ्या..."

"खात्याला मी जन्म दिलेला नाही. तुला दिलाय." ती खुर्चीच्या कडेवर आली. "टिकल्या मोजून त्या साहेबासमोर ठेवल्यास, तेव्हा ह्या बाईला तळं नकोय, तिला तिच्या शेंगा हव्यात, हे तुला ठाऊक होतं. का नव्हतं?"

"ते इतकं सरळ..."

"सरळच आहे. तुझा साहेब म्हणाला, प्रश्न मिटला. तू तिथे होतास. तू काय म्हणालास?"

मावशीने चमचा खाली ठेवला. बेरेंड वाट बघत होता, टीनेके वाट बघत होती. रोलिनने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

"मी विचारतेय, वाउटर. तोंड उघडलंस का नाहीस?"